विजेचा ब्रश घ्यावा, पण कुणासाठी?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलं पत्र. लिहिणाऱ्या बाई ४६ वर्षांच्या, पतसंस्थेत नोकरी करतात. गेले आठ महिने ब्रश करताना त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने आणि उजवीकडच्या दाढांपाशी जास्त. आधी त्यांनी पेस्ट बदलली, मग कडक ब्रश आणला, मग एक काळं मंजन लावून पाहिलं. रक्त थांबेना, म्हणून आता त्या ‘त्या जागी ब्रश फार लावत नाहीत’. पुण्याला नोकरी करणारी लेक विजेवर चालणारा ब्रश घेऊन देते म्हणते. किंमत ४,५०० रुपये, पुढे बदलायची दोन हेड ७०० रुपयांना. नवऱ्याचं म्हणणं, ‘आमच्या आजोबांनी जन्मभर बाभळीच्या काडीने दात घासले आणि ऐंशीव्या वर्षी दातांनी ऊस सोलून खाल्ला. हे सगळं पैसे काढायचं काम आहे.’ गावातल्या दातांच्या डॉक्टरांनी दात साफ करून घ्यायला सांगितलं होतं, पण शेजारच्या बाईंचे दात साफ केल्यावर हलायला लागले, मधे फटी पडल्या. म्हणून यांनी ते टाळलं. पत्राच्या शेवटी त्यांनी ओघात घरची माणसं सांगितली आहेत. नवऱ्याला सहा वर्षांपासून साखर आहे. ७४ वर्षांच्या सासूबाईंची बोटं संधिवाताने आखडली आहेत, ब्रश धरवत नाही म्हणून त्या बोटानेच मंजन लावतात. प्रश्न एकच: ‘विजेचा ब्रश खरंच चांगला असतो का? घेऊ की नको?’

ताई,

तुम्ही सरळ विचारलंत, तर आधी सरळ उत्तर देते. हो, विजेचा ब्रश साध्या ब्रशपेक्षा सरासरीने थोडा सरस ठरतो. पण तुमच्या हिरड्यांतून आज जे रक्त येतंय ते नुसता ब्रश बदलून थांबेल असं मला वाटत नाही. आणि तुमच्या घरात या ब्रशची सगळ्यांत जास्त गरज ज्या व्यक्तीला आहे, त्या तुम्ही नव्हे. मी २६ वर्षं हिरड्यांच्या आजारांवर उपचार करते आहे. तुमच्या पत्रातला जवळजवळ प्रत्येक शब्द मी दवाखान्यात दर आठवड्याला ऐकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘सरस’ म्हणजे किती, ते आधी पाहू. कॉक्रेन ही संस्था जगभरातल्या वैद्यकीय चाचण्या गोळा करते, त्या किती भरवशाच्या आहेत ते पारखते आणि मग एकत्रित निष्कर्ष मांडते. विजेचा आणि हाताचा ब्रश यांची तुलना करणाऱ्या ५६ चाचण्यांचा आढावा तिने २०१४ साली प्रसिद्ध केला. पहिल्या एक ते तीन महिन्यांत विजेच्या ब्रशवाल्यांच्या दातांवरचा जंतूंचा चिकट थर ११ टक्क्यांनी कमी होता आणि हिरड्यांची सूज ६ टक्क्यांनी. तीन महिन्यांच्या पुढे हेच आकडे २१ आणि ११ झाले. यातला बराचसा पुरावा गोल डोक्याच्या ब्रशचा आहे, म्हणजे जो थोडी गिरकी इकडे, थोडी तिकडे अशी भराभर घेतो त्याचा.

हे आकडे चांगलेच आहेत, पण त्यांच्या शेजारी दोन गोष्टी ठेवून बघा. त्या ५६ पैकी फक्त ५ चाचण्या अशा होत्या की ज्यांत पक्षपात शिरायला फारशी वाट नव्हती. आणि थर २१ टक्क्यांनी कमी झाला म्हणून पुढे किती दात वाचले, हे इतक्या कमी मुदतीच्या चाचण्यांतून सांगता येत नाही. जास्त मुदतीचा एक अभ्यास जर्मनीच्या ईशान्येकडच्या पोमेरेनिया भागातला आहे, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. तिथे २,८०० हून जास्त माणसांच्या तोंडाची तपासणी सुमारे ११ वर्षं चालू होती. विजेचा ब्रश वापरणाऱ्यांच्या हिरड्यांतल्या खाचा, म्हणजे दात आणि हिरडी यांच्या मधली पोकळी, खोल होत जाण्याचं प्रमाण सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसलं, त्यांचे दातही जास्त टिकले. पण तिथे कोणता ब्रश वापरायचा हे ज्याचं त्याने ठरवलं होतं. जो माणूस महागाचा ब्रश विकत घेतो, तो बहुधा डॉक्टरकडेही वेळेवर जातो. यातलं श्रेय ब्रशला किती द्यायचं आणि माणसाला किती, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही.

मग हा फरक येतो कशातून? मोटार मनगटाचं काम करते, ही उघड गोष्ट झाली. पण माझ्या अनुभवात खरा उपयोग दुसऱ्या दोन सोयींचा होतो. बऱ्याच विजेच्या ब्रशमध्ये दोन मिनिटांचं घड्याळ असतं, आणि त्यातल्या काहींमध्ये जोर जास्त पडला की दिवा लागतो किंवा वेग कमी होतो. हाताने घासणाऱ्याला वाटतं आपण दोन-तीन मिनिटं घासतो. घड्याळ लावून बघा, बहुतेकांचं एका मिनिटाच्या आसपास उरकलेलं असतं. जोराचंही तसंच. भांडं घासावं तसे दात घासणारी कितीतरी माणसं मी पाहते. त्यांच्या हिरड्या खाली सरकलेल्या असतात, दातांच्या मुळाशी खाचा पडलेल्या असतात, गार पाण्याने कळ येते, आणि तरीही थर जिथल्या तिथे असतो.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, जे वाचून मी थांबले. ‘रक्त येतं म्हणून तिथे ब्रश फार लावत नाही.’

ताई, रक्त येतं म्हणजे ब्रशने जखम झाली, हा समज अगदी साहजिक आहे. हाताला खरचटलं की आपण त्या जागेला हात लावत नाही. हिरडीचा हिशेब मात्र उलटा आहे. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक बारीक खोबण असते. त्या खोबणीच्या काठाने जंतूंचा मऊ, चिकट, पांढुरका थर बसतो, त्यालाच प्लाक म्हणतात. संध्याकाळी दातांवरून जीभ फिरवलीत की जो बुळबुळीतपणा लागतो, तोच हा. तो दिवसेंदिवस तिथे राहिला की शरीर त्या जंतूंशी झुंजायला त्या जागी जास्त रक्त पाठवतं. हिरडी लाल होते, फुगते, तिच्या आतलं अस्तर इतकं नाजूक होतं की नुसता स्पर्श झाला तरी रक्त येतं. घट्ट, निरोगी हिरडीला मऊ ब्रश लागला तर रक्त येत नाही. म्हणून ज्या जागी रक्त येतं, त्या जागी तुमचा ब्रश पुरेसा पोचत नाहीये, असं समजा. आणि तुम्ही तर ती जागा सोडूनच दिली आहे.

हे कसं कळलं, त्यामागे एक साधा आणि धीट प्रयोग आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या आर्हुस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ माणसांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. त्यांतले बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा घासायला लावलं, आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. औषध दिलं नव्हतं, खास पेस्ट नव्हती, आणि विजेचा ब्रश तर नव्हताच. हिरडीची सूज अशी मागे फिरते, म्हणूनच हा प्रयोग मी रोग्यांना पुन्हा पुन्हा सांगते. पण त्या माणसांची सूज तीन आठवड्यांची होती आणि तुमची आठ महिन्यांची आहे.

एवढ्या काळात त्या मऊ थराचं काहीतरी झालेलं असणार. थर दोन-चार दिवस तसाच राहिला की लाळेतले क्षार त्यात मुरायला लागतात आणि तो कडक होतो. ते किटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ते सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त बसतं, कारण जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं नेमकी तिथेच उघडतात. तुम्ही सांगितलेली पहिली जागा हीच आहे. बोअरच्या पाण्याने बादलीच्या आतून जो पांढरा थर धरतो, तो कापडाने पुसून निघतो का? कापड कितीही भारी असलं तरी निघत नाही. किटणापुढे ब्रशचं तसंच होतं, मग तो ४० रुपयांचा असो की ४,५०० रुपयांचा. ते डॉक्टरांनी अवजारानेच काढावं लागतं. त्याच्या खरबरीत पृष्ठभागावर नवा थर झटपट धरतो, म्हणून ते काढल्याशिवाय तुमचं घासणंही पुरतं कामी येणार नाही.

शेजारच्या बाईंचं जे झालं, ते मी खोटं म्हणत नाही. त्यांना दिसलं ते खरंच दिसलं असणार. पण क्रम नीट पाहू या. हिरड्यांचा आजार जुना झाला की दाताला धरून ठेवणारं हाड आतून झिजतं. दात त्याच वेळी सैल झालेले असतात, हिरडी खाली गेलेली असते आणि मधल्या फटी किटणाने भरून गेलेल्या असतात. लिंपलेल्या भिंतीसारखं ते सगळं एकत्र धरून ठेवतं. डॉक्टरांनी ते काढलं की झाकलेली फट उघडी पडते, सुजलेली हिरडी ओसरून आणखी थोडी खाली बसते, आणि आधीच सैल असलेला दात आता हलतो आहे हे जाणवतं. हाडाची झीज त्याआधी कित्येक वर्षं चालू होती. त्या बाई पाच वर्षं आधी गेल्या असत्या तर कदाचित फटी पडल्याच नसत्या. यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे. साफ करण्याआधी दोन मिनिटं बसून हे सांगितलं पाहिजे, आणि पुष्कळदा सांगितलं जात नाही. दात साफ केल्यावर काही दिवस गार लागतं, तेही आधीच सांगितलं तर माणूस घाबरत नाही.

तेव्हा पहिला खर्च तिथे करा. तुमच्या गावातल्या डॉक्टरांनी बरोबर सल्ला दिला होता. त्यांना एक विनंती मात्र करा: साफ करण्याआधी हिरड्यांच्या खाचा मोजा आणि मला आकडे सांगा. बारीक खुणा असलेली एक काडी हिरडीच्या कडेने हलकेच घालून ते मोजतात. १ ते ३ मिलिमीटर असेल तर ठीक. ४ किंवा त्याहून जास्त निघालं तर नुसत्या वरवरच्या सफाईने भागणार नाही, मुळांपर्यंत साफ करावं लागेल. खर्चाची अडचण असेल तर दंत महाविद्यालयांत हे काम बरंच स्वस्तात होतं. सांगली, कराड, कोल्हापूर या तुमच्या भागात ती आहेत. इतर वाचकांसाठी सांगते: मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय आणि नायर रुग्णालयाचं, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय, गोव्यात बांबोळीचं, अशी चांगली महाविद्यालयं आहेत. विद्यार्थी काम करतात म्हणून वेळ जास्त लागतो, पण शिक्षक तपासल्याशिवाय सोडत नाहीत.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. त्यांच्या आजोबांबद्दल मला आदरच वाटतो. बाभळीची काडी चावून तिचा कुंचला केला तर ती थर काढते, यात शंका नाही. पण आजोबा काडी किती वेळ चघळत होते ते त्यांना आठवून बघायला सांगा. सकाळी काडी तोंडात धरून बांधावर चक्कर, म्हणजे निदान दहा मिनिटं. ज्या वेळेसाठी आज आपण ब्रशमध्ये घड्याळ बसवून विकत घेतो, तो वेळ त्यांच्या दिनक्रमातच होता. दिवसभरात चार वेळा गोड चहा आणि बिस्किटं तेव्हा नव्हती, हेही त्यात धरा. शिवाय प्रत्येक घरात ऊस सोलणारे एक आजोबा आठवतात, आणि त्याच वाड्यातल्या, दात पडल्यामुळे भाकरी दुधात कुस्करून खाणाऱ्या चार म्हाताऱ्या आठवत नाहीत. मी माझ्याच आजोळचं सांगते आहे. दातवण पुढून छान चालतं. पण खालच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि शेवटच्या दाढेमागे ते वळत नाही, आणि तुमचं रक्त तिथूनच तर येतंय.

आणि यजमानांना साखर आहे, ही गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत. मी ती वर काढते. साखर आटोक्यात नसली की हिरड्यांचा आजार वाढतो आणि हिरड्यांत सूज असली की साखर आटोक्यात यायला कटकट करते. दोन्ही बाजूंनी हे चालतं. हिरड्यांवर नीट उपचार केल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा थोडा खाली येतो, हेही चाचण्यांत दिसलं आहे. त्यांच्या हिरड्यांतून रक्त येत नसेल तरी त्यावर विसंबू नका. तंबाखू ओढणाऱ्यांमध्ये तर हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येतं आणि आत आजार चालूच राहतो. तुम्ही तारीख घ्याल तेव्हा दोघांची मिळून घ्या.

दात साफ झाल्यावर घरी काय करायचं, ते आता सांगते. यासाठी साधा, मऊ, लहान डोक्याचा ब्रश पुरतो. तो कडक ब्रश बाथरूमच्या फरशीसाठी ठेवा आणि काळं मंजन बंद करा. अशा मंजनात काय आणि किती खरखरीत आहे याची खात्री नसते. फ्लोराइडची पेस्ट घ्या, भारतात मिळणाऱ्या पेस्टवर १००० पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग) आत-बाहेर प्रमाण छापलेलं असतं. वाटाण्याएवढी पुरते.

ब्रश मुठीत धरू नका, पेनसारखा बोटांत धरा; जोर आपोआप कमी होतो. त्याचे केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरके टेकवा, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या काठाकडे, साधारण ४५ अंशांत. टेकवल्यावर जागच्या जागी, अगदी थोडंसं, थरथरल्यासारखं हलवा. दहा-बारा वेळा झालं की पुढच्या दोन दातांवर सरका. केसांची टोकं त्या खोबणीत जरा शिरतात आणि थर उचकटतात. ही रीत गेल्या शतकात चार्ल्स बास यांनी रूढ केली. ते न्यू ऑर्लिन्सचे वैद्यकाचे प्राध्यापक, दातांचे डॉक्टर नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांनी ती ठरवली. खालच्या पुढच्या दातांच्या आतून ब्रश आडवा मावत नाही. तिथे तो उभा धरून टोकाच्या केसांनी एकेक दात करा. आणि सुरुवात नेमकी तिथूनच करा. आपण सगळे ओठांमागच्या दिसणाऱ्या दातांपासून सुरू करतो आणि आतल्या बाजूला पोचेपर्यंत कंटाळलेलो असतो.

पहिले काही दिवस रक्त येईल. हात हलका ठेवा, पण जागा सोडू नका. आठवडा-दोन आठवड्यांत ते कमी होत गेलं पाहिजे.

ब्रश दोन दातांच्या मधे शिरत नाही, आणि हिरड्यांचा आजार सहसा मधूनच सुरू होतो. हे विजेच्या ब्रशलाही तितकंच लागू आहे. तुमच्या वयाला आणि दाढांमधल्या फटींना बाटली धुण्याच्या ब्रशसारखा दिसणारा, पण सुईएवढा बारीक इंटरडेंटल ब्रश चांगला. औषधाच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतो, जाडीही वेगवेगळी असते. तुमच्या फटींना कुठला बसेल ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. जिथे फट नाही तिथे दातांमधून फिरवायचा दोरा, म्हणजे फ्लॉस. हे रात्री एकदा केलं तरी चालेल. महिन्याला थोडेच पैसे जातात, आणि हिरड्यांसाठी मला विचाराल तर ब्रशच्या मोटारीपेक्षा मी आधी यावर खर्च करेन.

आपण खरंच पोचलो का, हे घरीच बघता येतं. घासून झाल्यावर खायच्या लाल रंगाचे दोन थेंब पाण्यात कालवा, कापसाने दातांवर फिरवा, हलकी चूळ भरा आणि उजेडात आरशासमोर उभ्या राहा. जिथे रंग धरून राहिला, तिथे थर आहे. औषधाच्या दुकानांत यासाठी गोळ्याही मिळतात. ओठ-जीभ थोडा वेळ रंगतात, म्हणून रात्री करा. मी दवाखान्यात रोग्याच्या हातात आरसा देऊन हेच करते. कुठला ब्रश चांगला, या वादात अर्धा तास घालवणारी माणसं तो रंग पाहिल्यावर स्वतःच सांगतात, ‘डॉक्टर, इथे माझा हात जातच नाही.’

आता तुमच्या लेकीच्या ब्रशकडे वळते, कारण तो मी नको म्हणत नाही. तो सासूबाईंसाठी मागवा.

संधिवाताने आखडलेल्या बोटांना साध्या ब्रशची बारीक दांडी धरवत नाही, धरली तरी ती बारीक हालचाल जमत नाही. विजेच्या ब्रशची मूठ जाड असते, आणि हाताला फक्त तो दातापर्यंत नेऊन टेकवायचं काम राहतं. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या वडिलांना कंपवात होता. शेवटच्या काही वर्षांत त्यांच्या हिरड्या इतक्या सुजायच्या की जेवताना ताटात रक्ताचा थेंब दिसे. तरी ते रोज पंधरा मिनिटं ब्रश घेऊन उभे असत. हात थरथरायचा, ब्रश गालावर लागायचा, आणि मदत करू का विचारलं की रागवायचे. गोल डोक्याचा विजेचा ब्रश आणला. पहिला आठवडा मी त्यांच्या हातावर हात ठेवून तो फिरवला, मग त्यांनी माझा हात बाजूला केला. दोन महिन्यांनी हिरड्या गुलाबी झाल्या होत्या. त्या दिवशी आरशात बघून त्यांनी नुसती मान हलवली, ती मला अजून दिसते.

सासूबाईंना हा ब्रश देताना थोडी सबुरी ठेवा. आधी बंद ब्रश तोंडात फिरवू द्या. मग चालू ब्रश नखाला लावून दाखवा, गुदगुल्या होतात तेवढंच, हे कळलं की भीती जाते. पेस्ट लावून ब्रश दातावर टेकवल्यावरच बटण दाबायचं, नाहीतर सगळं लुगड्यावर उडतं. आणि मुख्य म्हणजे हाताने घासायचं नाही. एकेका दातावर दोन-तीन सेकंद नुसता धरायचा आणि पुढे सरकायचं. हिरडीचा काठ आलाच पाहिजे. विजेचा ब्रश घेऊन तो साध्यासारखा करकचून मागेपुढे घासणारी माणसं मी नेहमी बघते. कवळी असेल तर ती काढून वेगळी, तिच्या वेगळ्या ब्रशने धुवायची. आणि सासूबाईंनी पूर्वी मिश्री लावली असेल, किंवा अजून लावत असतील, तर गालाच्या आतली बाजू डॉक्टरांना जरूर दाखवा.

घेताना काय बघायचं? दोन मिनिटांचं घड्याळ, जोर जास्त झाल्याची खूण, मऊ केसांचं लहान हेड, आणि तीच हेड पुढेही मिळत राहतील याची खात्री. मोबाइलला जोडणारं ॲप, सात प्रकारचे वेग, यासाठी जादा पैसे देऊ नका. साध्या सेलवर चालणारे स्वस्तातले ब्रश सेल उतरत आला की मंदावतात, आणि सासूबाईंच्या हाताची ताकद त्यात भर घालू शकत नाही. म्हणून चार्ज होणारा घ्या. हेड साधारण तीन महिन्यांनी बदलायचं, म्हणजे वर्षाला चार. तुमच्याच आकड्यांनी वर्षाचे १,४०० रुपये झाले. ४० रुपयांचे साधे चार ब्रश १६० रुपयांत येतात. हा दर वर्षीचा खर्च झेपणार असेल तरच घ्या. जुनं, केस वाकलेलं हेड लावून चालवलेला महागाचा ब्रश नव्या साध्या ब्रशपेक्षा वाईट.

एक गोष्ट दुकानदार बहुधा सांगणार नाही: मूठ एक आणि हेड प्रत्येकाचं वेगळं, असं चालतं. बऱ्याच ब्रशच्या हेडला त्यासाठी रंगीत कडी असते. तेव्हा दोन-तीन महिन्यांनी तुम्हाला किंवा यजमानांना वाटलं, तर ४,५०० पुन्हा घालायची गरज नाही.

तुमच्यासारखाच प्रश्न पडलेल्या इतरांसाठी थोडं. दातांना तारा लावलेली मुलं, दुसऱ्याच्या हातून दात घासून घ्यावे लागणारी माणसं, आणि ज्यांना जोर काही केल्या आवरत नाही असे लोक, यांना विजेचा ब्रश घ्यायला मी स्वतःहून सांगते. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, तेव्हा घासणं कमी करू नये. हृदयात पेसमेकर असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि चार्जर छातीजवळ आणू नये. आणि दात हलतोय, हिरडीतून पू येतोय, न घासताही रक्त येतंय, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत आणि रक्त वाढलंय, तर मी वर सांगितलेले दोन आठवडे वाट पाहत बसू नका.

ताई, आज रात्री मऊ ब्रश घेऊन खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूपासून सुरुवात करा. उद्या तारखेसाठी फोन करा, दोघांची नावं द्या. आणि लेकीला कळवा, की ब्रश मागव, आजीच्या नावाने, आणि एका हेडची कडी दुसऱ्या रंगाची असू दे.